परतीची वाट

गेल्या आश्विनात आमच्या अंगणात एका पंधरवड्यात चार संशोधक येऊन गेले. अंगण म्हणजे मुळशी तालुक्यातल्या एका लहानशा वाडीतले. पुण्याहून पौडवरून ताम्हिणीकडे जो रस्ता जातो, त्याच्यापासून थोडे आत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी येथे दोन खोल्या बांधल्या आणि शहराचा निरोप घेतला. दिवस सुगीच्या तोंडाचे होते. खाचरांतले भात पिवळे पडू लागले होते आणि संध्याकाळी वारा सुटला की आंबेमोहराचा वास थेट ओटीपर्यंत येत होता.

पहिला आला तो हातोडीवाला. वाडीमागच्या ओढ्यात उतरून त्याने काळ्या खडकाचे चार तुकडे फोडले, प्रत्येकावर आकडा घातला, कापडी पिशव्यांत बांधले आणि तांब्याभर पाणी पिऊन तो निघून गेला. दुसरी आली ती वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. दोऱ्याने जमिनीवर चौकोन आखून ती त्यातली कारवीची झुडुपे मोजीत होती. तिसरी एक तुकडी होती. तिने वाडीतल्या बायाबापड्यांच्या बोटांतून रक्ताचे थेंब घेतले आणि नावांऐवजी आकडे लिहिलेल्या नळ्या घेऊन ती मोटारीत बसली. चौथा आला तो संगणक घेऊन. त्याला जात्यावरच्या ओव्यांच्या चाली हव्या होत्या. वाडीतली जाती केव्हाच बंद पडली आहेत. पण दोन म्हाताऱ्यांनी त्याच्यासाठी रिकामे जाते ओढून दाखवले.

आमचे शेजारी आप्पा हे सारे ओटीवर बसून पाहत होते. चौथा गेल्यावर त्यांनी मला विचारले, "सर, ह्या चौघांची एकमेकांशी वळख न्हाय?"

"नाही."

"एकाला दुसऱ्याचं काम ठावं न्हाय?"

"नसावे."

"मंग ह्ये समदं एका जागी मांडनार कोन?"

मी तोंडभर उत्तर देणार होतो. चाळीस वर्षे शिकवण्यात गेल्यामुळे उत्तरे जिभेवर तयार असतात. पण ह्या वेळी जीभ अडखळली, आणि ती का अडखळली ह्याचा विचार करता करता हा लेख झाला.

आप्पांचा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. पुण्यासारख्या शहरात तासाभराच्या अंतरावर काय काय चालते पाहा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत विद्वान मंडळी महाभारताच्या हस्तलिखितांतले पाठ ताडून पाहत होती; जवळजवळ अर्धे शतक एका ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करण्यात गेले. तेथून काही मैलांवर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेणूंची जुळवाजुळव चालते. आणखी एका ठिकाणी विषाणूंचा माग काढतात. विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका'त आकाशगंगांचा हिशेब मांडतात, आणि जुन्नरकडे खोडदच्या माळावर प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून कान देऊन बसल्या आहेत. ह्यांतला एक माणूस दुसऱ्याच्या दारात गेला, तर भिंतीवरचा फळासुद्धा त्याला वाचता येणार नाही. पूर्वी एक पंडित सहा शास्त्रे जाणत असे म्हणतात. आता एका शास्त्राच्या साठ शाखा आहेत, आणि एका शाखेचा पंडित शेजारच्या शाखेत अडाणी आहे.

मग हे सारे एका जागी कोण मांडणार? आणि कोणीच मांडणार नसेल, तर एवढा खटाटोप कशासाठी?

शहर सोडून आपण आमच्या तालुक्यापुरतेच पाहू. ज्या खडकावर माझे घर उभे आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेल्या लाव्हाचा. दख्खनचे सारे पठार त्याच लाव्हाच्या थरांवर थर साचून झाले. हातोडीवाल्याला मुळशी म्हणजे हे थर. पर्जन्यशास्त्रज्ञाला मुळशी म्हणजे एक चमत्कारिक उतार आहे. पुण्यात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून पन्नास-साठ किलोमीटरांवर ताम्हिणीच्या माथ्यावर तो कित्येक वर्षी पाच हजारांच्या वर जातो. कारवी मोजणाऱ्या मुलीला मुळशी म्हणजे सात-सात वर्षे मुकाट राहून मग एकदम जांभळे होणारे डोंगर.

आणि मुळशीचे पाणी? मुळा नदी स्वभावाने पूर्वेची. भीमेला, तिच्यातून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळणारी. टाटांच्या वीजकंपनीने तिला बांध घातला आणि १९२७ पासून तिचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहावर कोसळू लागले. ते आता कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. पाणी एकच; पण अभियंत्याला त्यात पाचशे मीटरांची उडी दिसते आणि इतिहासकाराला १९२१ची रामनवमी दिसते. त्या दिवशी मावळे आपली जमीन वाचवण्यासाठी धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापटांना 'सेनापती' ही पदवी ह्याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे ह्यांनी त्याचा इतिहास लिहिला. पुढे राजेंद्र व्होरा ह्यांनी ह्या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आणि धरणाविरुद्धचे हे जगातले पहिले आंदोलन होय, असे २००९ साली निघालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच मांडले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तळ्याच्या कडेला जुन्या बांधांच्या रेघा अजून उघड्या पडतात.

येथे हत्ती आणि आंधळे ह्यांची गोष्ट कोणालाही आठवेल. कोणी सोंड चाचपतो, कोणी कान. सर्वांचे एकत्र केले की हत्ती होतो. मीही वर्गात ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. आता तिच्यात दोन उणिवा दिसतात. एक तर गोष्ट सांगणाराला हत्ती आधीच दिसत असतो. आपल्याला तसा तो कोणालाच दिसलेला नाही. आणि दुसरे म्हणजे, चाचपडल्याचे हत्तीला काय वाटले, हे त्या गोष्टीत कोणी विचारीत नाही.

आधी उपयोगाचा प्रश्न निकालात काढू; कारण दिवाळीच्या फराळाला बसलेला घरातला एखादा व्यवहारी काका तो हमखास काढतो. "सरकारचे पैसे खर्चून कारवीची झुडुपे मोजायची? कशाला?"

त्या काकांना मी दामोदर कोसंबींची हकीकत सांगेन. ते मूळचे गोव्याचे. त्यांचा व्यवसाय गणिताचा. पण गणिताचा हा माणूस पुण्यात बसून प्राचीन नाणी तराजूत तोलीत असे. नाणे हातोहात फिरले की झिजते. मग हजारो नाण्यांच्या वजनांवरून ती किती काळ फिरली असतील हे काढता येईल का, हा त्यांचा प्रश्न. हाच माणूस पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी हिंडून अश्मयुगातली बारीक गारगोटीची हत्यारे वेचीत असे, गावोगावच्या म्हसोबा-मावलायांच्या ठाण्यांची नोंद घेत असे, आणि घरी येऊन भर्तृहरीच्या सुभाषितांचे पाठ शुद्ध करीत असे. १९४४ साली, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना, त्यांनी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. एका गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे काढण्याचे सूत्र त्यात होते. त्या वेळी ह्याचा उपयोग काय, असे फर्ग्युसन रस्त्यावरच्या कोणालाही विचारले असते तर त्याने मान हलवली असती. आज भाताच्या जनुकांचे नकाशे काढणारे जगभरचे शास्त्रज्ञ अंतर मोजायला कोसंबींचे ते सूत्र सर्रास वापरतात. माझ्या ओटीपर्यंत ज्याचा वास येतो, त्या भाताच्या कुळाशी ह्या गणिताचे नाते असे जुळले.

वासाचीच दुसरी गोष्ट. सुवासिक तांदळाचा दरवळ मुख्यतः ज्या एका द्रव्यामुळे येतो, त्याचा शोध लावला अन्नरसायनाच्या मंडळींनी. तिकडे बंगालमध्ये रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांचे सहकारी वाघाचा अभ्यास करीत होते. वाघ आपली हद्द आखण्यासाठी झाडांवर जो द्रव फवारतो, त्याला शिजत्या बासमतीसारखा वास का येतो, हे ते शोधीत होते. १९९० साली त्यांनी दाखवून दिले की द्रव्य तेच आहे. तांदळाची प्रयोगशाळा आणि वाघाचे रान ह्यांचा परस्परांशी संबंध तो काय! आमच्या आप्पांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी वाघजाई भाताच्या राखनीला हाय ते खोटं न्हाय." शास्त्रज्ञ असे म्हणणार नाहीत, पण आप्पांचा आनंद मला खोडवेना.

काही ज्ञान लगोलग शेतात उतरते हेही खरे. आज मावळ-मुळशीत जिकडेतिकडे दिसणारा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आय.आर. आठ ह्यांच्या संकरातून काढला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. पण कोणते बी कधी उगवेल हे पेरणाराला आधी सांगता येत नाही. म्हणून 'उपयोग काय' हा प्रश्न संशोधकाला दारातच विचारू नये, असे माझे मत आहे. ज्याला तो आधीच विचारला जातो, तो माहीत असलेल्या उपयोगाचेच शोधतो. माहीत नसलेले तसेच राहते.

येथपर्यंत आलो की काकांचे तोंड बंद होते. पण आप्पांचे होत नाही. त्यांचा प्रश्न उपयोगाचा नव्हताच. 'एका जागी मांडणार कोण' ह्यामागे दुसरा एक प्रश्न होता. शिष्टाचार म्हणून त्यांनी तो विचारला नाही. आमच्याकडून नेलेले परत कधी येते का, हा तो प्रश्न. आणि माझी जीभ अडखळली ती ह्याच प्रश्नापाशी. कारण नेणाऱ्यांत एके काळी मीही होतो.

१९८३ साली मी तेवीस वर्षांचा होतो आणि पदवीसाठी प्रबंध लिहीत होतो. विषय होता मावळी बोलीतले पावसाचे आणि भातशेतीचे शब्द. तळ्याच्या पलीकडच्या एका गावात एक आजी होत्या. त्यांच्या घरी मी पावसाळ्याचे अकरा दिवस राहिलो. वरून पाऊस कोसळत असे आणि त्या चुलीपुढे बसून मला शब्द सांगत. राब, तरवा, आवण, चिखलणी, इरले, उघडीप, शिरवे... माझी वही भरत गेली. रोज त्या मला नाचणीची भाकरी आणि वाटीभर कढण देत. मी पैसे पुढे केले तेव्हा त्या रागावल्या.

निघताना त्यांनी विचारले, "लेकरा, ह्ये लिवून काय करनार?"

"पुस्तक होईल, आजी."

"त्यात माझं नाव येईल?"

"येईल ना."

"मला वाचता येत न्हाय. पन तू पुस्तक घिऊन ये आन् नाव कुटं हाय ते बोटानं दाव."

मी बोटाने दाखवीन म्हणून सांगितले. त्या डोंगराच्या वळणापर्यंत मला पोचवायला आल्या होत्या.

प्रबंध झाला. काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरे. त्यात आजींचे नाव नव्हते. मार्गदर्शकांनी सांगितले की शास्त्रीय लेखनाची पद्धत वेगळी असते. आणि मला ते पटले. परिशिष्टात एक तक्ता आहे. त्यात लिहिले आहे: 'निवेदक क्रमांक ७. स्त्री. वय अंदाजे ७०. निरक्षर.' त्या तक्त्यामुळेच मी परत गेलो नाही, असे आता मला वाटते. तेव्हा मी नोकरीची कारणे सांगत होतो, मग संसाराची, मग मुलांच्या परीक्षांची. बोट ठेवायला पानावर जागा नव्हती, हे एक कारण मात्र मी स्वतःलाही सांगितले नाही.

आपल्या जुन्या ग्रंथांत माणसावर जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते. म्हणून विद्वान लोकांना वाटते की आपण शिकलो, शिकवले, ग्रंथ लिहिला, म्हणजे आपण मोकळे. पण शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण सांगितले आहे, ते माणसांचे. ते फेडायचे कसे? घरी आलेल्याला आसरा देऊन आणि खाऊ घालून. हे प्रथम वाचले तेव्हा मी चपापलो. माझ्या हिशेबात ह्या ऋणाची बाजूच उलटी होती. आसरा मी घेतला होता, भाकरी मी खाल्ली होती. आणि निरक्षर म्हणून ज्यांची नोंद केली, त्या आजी त्या ऋणातून रोज मोकळ्या होत होत्या.

हे दुसऱ्या रीतीने करता येते, ह्याचा दाखला माझ्या ह्याच तालुक्यात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन येथलेच झालेले गी प्वातवाँ ह्यांनी मुळशी-मावळच्या डोंगरांतून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे ते काम महाराष्ट्रभर पसरले. हजारावर गावे झाली आणि लाखावर ओव्या जमल्या. त्यात समाजशास्त्र होते, भाषा होती, संगीत होते. बर्नार बेल हे संगणकाचे आणि संगीताचे जाणकार येऊन मिळाले, तेव्हा संगणकही आला. एवढी निरनिराळी शास्त्रे एका जात्याभोवती बसली. पण मला त्यातल्या दोन गोष्टी सर्वांत मोठ्या वाटतात. गरीब डोंगरी संघटनेतल्या खेड्यातल्या बायाच हे काम करणाऱ्यांत होत्या. ज्यांच्या ओव्या त्याच संशोधक. आणि ओवीशेजारी गाणारणीचे आणि तिच्या गावाचे नाव लिहिलेले आहे. प्वातवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली गेल्या. पुढे 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या जगापुढे आणल्या, त्याही त्या नावांसकट.

इतके सांगून 'आकडे वाईट, नावे चांगली' असा निकाल दिला की लेख संपायला हरकत नव्हती. पण खरे पाहता तो निकाल चुकीचा आहे. रक्ताचे थेंब नेणाऱ्यांच्या नळ्यांवर आकडे होते, ते योग्यच होते. कोणाच्या रक्तात काय निघाले हे वाडीला कळता कामा नये. पोरीच्या लग्नात त्याची बोलणी निघतील. तेथे आकडा माणसाला झाकतो, जपतो. माझ्या तक्त्यातला आकडा मात्र कोणाला जपत नव्हता. तो मला जपत होता. कारवी मोजणारीला काही वेगळेच पाळावे लागते. एखादी दुर्मीळ वनस्पती सापडली, तर तिचा नेमका ठिकाणा छापायचा नाही. नाहीतर ती उपटून विकणारे दुसऱ्या दिवशी हजर होतात. जे ओवीच्या बाबतीत देणे, ते रोपाच्या बाबतीत झाकणे. आणि हातोडीवाल्याचे काय? खडकाला ना नाव हवे, ना आडोसा. त्याचे देणे एवढेच की तुकडा कोठला आहे ते खरे लिहावे.

म्हणजे शास्त्रे जितकी निराळी, तितके देण्याचे प्रकार निराळे. ह्या सर्वांना एकच नियम लावू म्हणणारा कारकून होय. मग त्यांच्यात सारखे काही आहे की नाही?

आप्पांनी प्रश्न विचारला त्यानंतर चार दिवसांनी वसुबारस होती. त्या दिवशी सकाळी मी प्रबंधाची प्रत पिशवीत घातली आणि तळ्याला वळसा घालून त्या गावी गेलो. चाळीस वर्षांत वाट डांबरी झाली होती. आजी जाऊनही बरीच वर्षे झाली होती. त्यांची सून आता स्वतः सत्तरीच्या होत्या. त्यांनी मला ओळखले नाही. पण चहा ठेवला. मी कशासाठी आलो ते सांगितले. त्यांची नात दहावीत होती. ती प्रबंध मांडीवर घेऊन मोठ्याने वाचू लागली.

शब्दामागून शब्द येत होते आणि मावशी मान डोलावीत होत्या. मग ते पान आले. आजी एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की औंदा आम्ही झडी लवकर बांधल्या. झडी म्हणजे संततधार पाऊस, हे मला ठाऊक होते. त्या एका वाक्यावर मी पानभर लिहिले होते. डोंगरातला माणूस पावसालाही दावणीच्या गुरासारखा बांधतो, ही केवढी कविकल्पना, असा त्याचा आशय. परीक्षकांनी त्या पानाची मुद्दाम वाखाणणी केली होती.

मावशी हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. हात धरून त्यांनी मला घराच्या मागे नेले आणि पश्चिमेच्या पडवीची बाजू दाखवली. "ह्या झडी! पावसाचं पानी कुडावर येऊ नये म्हनून गवताच्या, कारवीच्या बांधायच्या. आता आम्ही पलास्टिकचा कागद लावतो. पन म्हनतो झडीच." वर पावसाळ्यानंतर गुंडाळून ठेवलेला निळा कागद आढ्याला टांगलेला होता.

चाळीस वर्षे माझ्या प्रबंधात एक चूक सुखाने नांदत होती. कदाचित तिचा आधार घेऊन आणखी कोणी लिहिलेही असेल. मी शब्द मुकाट्याने नेला आणि ज्यांच्याकडून नेला त्यांना परत जाऊन दाखवला नाही, म्हणून ती टिकली. पुढच्याच वर्षी पुस्तक घेऊन गेलो असतो, तर आजी अशाच हसल्या असत्या, आणि ते पान मी फाडून टाकले असते.

तेव्हा मला उमगले की परत जाणे ही नुसती माणुसकीची किंवा शिष्टाचाराची बाब नव्हे. ज्ञान खरे आहे की नाही, हे त्याशिवाय कळत नाही. हातोडीवाला तुकड्यावर आकडा घालतो आणि जागा लिहितो, ती दुसऱ्या कोणाला पुन्हा त्याच ओढ्यात उतरून पाहता यावे म्हणून. गणिती आपली सिद्धता पायरी पायरीने मांडतो, ती दुसऱ्याला त्याच पायऱ्यांवरून उतरून मुळाशी जाता यावे म्हणून. भांडारकर मंदिरातले पंडित पानाखाली टिपा देत, त्या वाचकाला मूळ हस्तलिखितापर्यंत जाता यावे म्हणून. प्रत्येक शास्त्र परतीची वाट राखून ठेवते; ज्यात ती नसते त्याला शास्त्र म्हणत नाहीत. माणसांच्या शास्त्रात ही वाट त्या माणसाच्या दारापर्यंत जाते, एवढाच फरक. परतफेड आणि पडताळा ह्या दोन गोष्टी मी जन्मभर वेगळ्या समजत आलो. एक नीतीची, दुसरी बुद्धीची. त्या पडवीत उभा असताना त्या एकच वाटल्या.

ओटीवर परत आलो तेव्हा मुलगी शेवटची पाने उलटीत होती. "सर, ह्यात पणजीचं नाव कुठंय?"

मी तक्त्यातल्या सातव्या ओळीवर बोट ठेवले. तिने ती ओळ वाचली आणि काही बोलली नाही. मग दप्तरातून पेन काढून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने आकड्याच्या पुढे सावकाश, वळणदार अक्षरात नाव लिहिले. 'निरक्षर' ह्या शब्दाला तिने हात लावला नाही. तो मीच खोडला. ते नाव मी येथे देत नाही. आजींनी ते पुस्तकात मागितले होते; दिवाळी अंकात छापू का, हे मी त्या घरी विचारलेले नाही. प्रत आता त्यांच्याच घरी आहे.

आप्पांना मी शेवटी उत्तर दिले. म्हटले, "आप्पा, हे सगळं एका जागी मांडणारा कोणी नाही, आणि पुढंही होईल असं वाटत नाही. पण जो तो जिथून घेतलं तिथं परत आला, तरी पुष्कळ झालं."

आप्पांना ते पटले की नाही, कळले नाही. मात्र यंदा श्रावणात हातोडीवाल्याचा निरोप आला. त्याच्या चार तुकड्यांपैकी एक बाकीच्यांशी जुळत नाही. कोठेतरी चूक झाली असावी. दिवाळीनंतर ओढा आटला की पुन्हा येऊन पाहू का, असे तो विचारीत होता.

मी निरोप वाचून दाखवला. आप्पा म्हणाले, "येऊ द्या की. भाकरी टाकू."